त्वचेची साक्ष आणि दुरून होणारे निदान

महाराष्ट्रात बिब्ब्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत पडते. त्याचे तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, तर त्याने ‘बिब्बा घातला’ असे लोक म्हणतात. आणि ते तेल अंगाला लागून फोड उठले, म्हणजे ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. परीट लोक धुवावयास आलेल्या कपड्यांवर याच बिब्ब्याने खुणा करीत, कारण ही खूण कितीही वेळा भट्टीत घातली तरी जात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या तुकड्या भारतात उतरल्या. थोड्याच दिवसांत त्यांतील अनेकांच्या मानेवर, पाठीवर व कमरेवर विलक्षण खाज सुटणारे पुरळ उठू लागले. त्यातून लस वाही आणि कातडी सुजे. हा उष्ण प्रदेशातील एखादा नवा रोग असावा, अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु सैन्याबरोबरच्या वैद्यांनी पुरळाची जागा नीट न्याहाळली, तेव्हा कपड्यावरील परटाची खूण ज्या ठिकाणी अंगाला टेकते, नेमक्या त्याच ठिकाणी ते उठलेले आढळले. १९४३ साली या विषयावरील निबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग असा प्रश्न उरतो, की ज्या खुणेचे कपडे येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले, ती खूण परदेशी सैनिकांनाच इतकी का बाधावी? त्याचे उत्तर वनस्पतींच्या कुळात सापडते. बिब्बा, काजू व आंबा हे एका कुळातले. अमेरिकेच्या रानात व कुंपणावर वाढणारी ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेलही याच कुळातली. तिच्या चिकात असणारी द्रव्ये आणि बिब्ब्याच्या तेलातील द्रव्ये यांची घडण फार जवळची आहे. लहानपणी त्या वेलीत खेळलेल्या मुलाची त्वचा मोठेपणी बिब्ब्याला पहिल्याच भेटीत ओळखीत होती, आणि ती ओळख वैराची होती. ज्या द्रव्याने इतरांना काही होत नाही, अशा द्रव्याच्या लहानशा अंशानेही एखाद्याच्या शरीरात उठाव होतो, त्यालाच ‘ॲलर्जी’ म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या वैद्याने १९०६ साली प्रचारात आणला.

या हकीकतीत त्वचारोगाचे दोन प्रश्न एकमेकांशेजारी उभे आहेत. हे पुरळ कोणते, हा पहिला प्रश्न. आणि ते कशापासून उठले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा डोळा देतो, दुसऱ्याचे उत्तर नुसत्या डोळ्याने मिळत नाही. त्वचाविज्ञानाच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या दोन प्रश्नांच्या दोन निरनिराळ्या वाटा झालेल्या दिसतात, आणि दूर बसून निदान करण्याच्या आजच्या खटाटोपाचे मोल ठरवावयाचे तर दोन्ही वाटा पाहिल्या पाहिजेत.

दुरून निदान ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अठराव्या शतकात एडिंबरोचे विख्यात वैद्य विल्यम कलेन हे टपालाने रोग्यांना सल्ला देत. त्यांचा हा हजारो पत्रांचा व्यवहार तेथील वैद्यांच्या महाविद्यालयात आजही जतन केलेला आहे. ज्वर, पोटशूळ, निद्रानाश यांचे वर्णन पत्रात करता येते. परंतु अंगावरच्या चट्ट्याचे वर्णन करताना शब्द थिटे पडतात. एकाचा ‘लालसर डाग’ तो दुसऱ्याचा ‘फोड’, आणि तिसऱ्याच्या लेखी तोच ‘नायटा’. एकाच विकाराला दहा नावे आणि दहा विकारांना एकच नाव, अशी त्या काळी त्वचारोगांची स्थिती होती.

या गोंधळात शिस्त आणण्याचे श्रेय लंडनच्या रॉबर्ट विलन यांना दिले जाते. गरिबांच्या दवाखान्यात काम करीत असताना त्यांनी त्वचेवर दिसणाऱ्या मूळ आकृत्या निश्चित केल्या आणि त्यांनुसार त्वचारोगांचे आठ वर्ग पाडले: पुटकुळी, खवले, लालसर पुरळ, मोठा फोड, पू भरलेला फोड, पाण्याचा बारीक फोड, गाठ आणि डाग. १८०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात रंगीत चित्रे होती. १८१२ साली विलन वारले. त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनी ते काम पुढे नेले. ज्याने लंडनच्या दवाखान्यात पाऊलही टाकले नाही, अशा वैद्याला तेथील रोग्याची त्वचा घरबसल्या पाहता आली, ती या चित्रांमुळे.

चित्राला खोली नसते. ती उणीव पॅरिसने भरून काढली. तेथील सेंट लुई रुग्णालयात झ्यूल बारेता नावाचा एक कारागीर आला. कागदाच्या लगद्याची हुबेहूब फळे बनविणे हा त्याचा मूळचा धंदा. वैद्यांनी त्याचे कसब रोग्यांच्या त्वचेकडे वळविले. रोग्याच्या अंगावर प्रत्यक्ष साचा घेऊन त्यात तो मेण ओती आणि त्यावर रंग चढवी. खपली, सूज, ओलावा सारे त्यात उतरे. १८८९ साली पॅरिसला त्वचावैद्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्या वेळी या मेणाच्या प्रतिकृतींचे संग्रहालय उघडण्यात आले. आज तेथे साडेचार हजारांहून अधिक प्रतिकृती आहेत. तत्पूर्वी, १८६८ साली, त्याच रुग्णालयातील आर्दी आणि मोंमेजा यांनी हाताने रंगविलेल्या छायाचित्रांचा त्वचारोगांवरील ग्रंथ काढला होता. पत्र, चित्र, मेण, छायाचित्र अशी ही परंपरा. तिने पहिला प्रश्न पुष्कळच सोपा केला.

दुसऱ्या प्रश्नाला वाट फुटली ती १८९५ साली. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रॉत्स्वाफ, या शहरी योसेफ याडासोन हे त्वचावैद्य काम करीत होते. पाऱ्याच्या औषधाने एका रोग्याच्या अंगावर इसब उठला. औषधानेच हा विकार झाला, असे नुसते म्हणणे निराळे आणि ते सिद्ध करणे निराळे. याडासोन यांनी त्या रोग्याच्या निरोगी त्वचेवर लहानशा जागी पाऱ्याचे मलम लावून ठेवले. तेवढ्याच जागी तोच विकार उमटला. हा प्रयोग त्यांनी ग्राट्स येथे भरलेल्या जर्मन त्वचावैद्यांच्या सभेत मांडला. आज सर्व जगात ‘पॅच टेस्ट’ म्हणून चालणारी पट्टीची परीक्षा, ती हीच. तिचे तत्त्व न्यायालयातील ओळखपरेडीसारखे आहे: संशयित द्रव्ये एका रांगेत मांडावयाची आणि गुन्हेगार कोण, हे त्वचेलाच विचारावयाचे.

झुरिकचे ब्रूनो ब्लॉख यांनी ही परीक्षा वाढविली. प्रिम्युला नावाचे एक शोभेचे फूलझाड युरोपात घरोघरी कुंड्यांतून असे, आणि त्याला हात लावणाऱ्या कित्येकांचे हात इसबाने भरत. त्या झाडातील दोषी द्रव्याचा छडा ब्लॉख यांनी रसायनशास्त्रज्ञ पाउल कारर यांच्या साहाय्याने १९२७ साली लावला. अमेरिकेचे मॅरियन सल्झबर्गर यांनी ब्लॉख व याडासोन या दोघांपाशी शिकून ही विद्या आपल्या देशी नेली. १९३९ साली कोपनहेगनचे पोल बॉन्नव्ही यांनी २१ द्रव्यांची एक ठरावीक मालिका सुचविली. प्रत्येक वैद्याने आपल्या मनाने द्रव्ये निवडण्याऐवजी एकच मालिका सर्वांनी वापरावी, म्हणजे एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावच्या निष्कर्षाशी ताडून पाहता येईल, हा तिचा हेतू होता.

हे सारे शरीरात घडते कसे, ते उलगडावयास आणखी काळ लागला. अंगाला लागणारी द्रव्ये बहुधा फार लहान रेणूंची असतात. असा रेणू त्वचेतील प्रथिनाला चिकटला म्हणजे शरीर त्या जोडीला परके समजते, हे १९३० नंतरच्या दशकात कार्ल लँडस्टायनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९४२ साली लँडस्टायनर व मेरिल चेस यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. एका गिनीपिगची ही बाधा दुसऱ्या गिनीपिगमध्ये नेता येते. मात्र ती रक्तातील द्रवाने नव्हे, तर पेशींच्या द्वारे जाते. बर्लिनमध्ये शिकत असलेल्या पाउल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याला १८६८ साली त्वचेत फांद्या फुटलेल्या काही पेशी दिसल्या होत्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असा त्याचा समज झाला. परके द्रव्य पकडून ते लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचविणाऱ्या त्या पहारेकरी पेशी आहेत, हे कळावयास शंभर वर्षे जावी लागली.

पेशींना जमून चाल करावयास वेळ लागतो. म्हणून हा विकार द्रव्य लागताक्षणी उठत नाही. एक, दोन, कधी तीन दिवसांनी उठतो. रोग्याची फसगत होते ती नेमकी येथे. बुधवारी उठलेल्या पुरळाचे खापर तो बुधवारच्या जेवणावर फोडतो. सोमवारी हाताळलेली वस्तू त्याच्या ध्यानीही नसते. वांगे सोडले, आंबट सोडले, तरी पुरळ हटत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

या शास्त्राचा महाराष्ट्राशी संबंध केवळ बिब्ब्यापुरता नाही. १९५६ साली पुण्याच्या परिसरात एका परदेशी तणाची नोंद झाली. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी, म्हणून त्याला गाजर गवत म्हणू लागले. काँग्रेस गवत आणि पांढरफुली ही त्याचीच नावे. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, अशी समजूत सर्वत्र आहे. पाहता पाहता पडीक माळ, रेल्वेचे रूळ, शेतांचे बांध त्याने व्यापले. त्यानंतर शेतात व उघड्यावर वावरणाऱ्या माणसांच्या पापण्या, मान, कोपरांचे व गुडघ्यांचे लवण यांवर हट्टी इसब दिसू लागला. या झाडाचा वाळलेला चुरा वाऱ्याबरोबर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेला बाधते. कित्येक रोग्यांची त्वचा पुढे उन्हालाही सोसेनाशी होते आणि पावसाळा संपला तरी विकार हटत नाही. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी त्वचावैद्यांसह १९७४ साली या विकारावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. तणाच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतील एक भुंगा आणून १९८४ साली बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला. तो गाजर गवताची पाने खातो. तथापि तण उखडले गेले नाही.

युरोपच्या मालिकेत गाजर गवताला जागा नव्हती. म्हणजे ती मालिका जशीच्या तशी येथे लावली असती, तर सोलापूरच्या शेतकऱ्याची परीक्षा ‘दोष आढळला नाही’ अशी येऊन तो होता तसाच घरी गेला असता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरीचा यांच्यासारख्या वैद्यांनी या देशातील द्रव्यांचा शोध घेऊन परीक्षा येथील जीवनाला जुळती केली, आणि पुढे भारतासाठी स्वतंत्र मालिका तयार झाली. टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, तो कोडाचा नव्हे. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर उमटणारी आकृती चपलेतील रसायनांची असते. गवंड्याच्या हातांना सिमेंटमधील क्रोमियमचे क्षार बाधतात. या गोष्टी अशा शोधांतूनच उजेडात आल्या. कपाळावरच्या पांढऱ्या डागाने एखाद्या मुलीचे लग्न अडते, अशा समाजात या भेदाला किती महत्त्व आहे, हे सांगावयास नकोच.

कारण कळल्यावर काय साधते, ते डेन्मार्कने दाखविले. त्या देशाने १९८३ साली सिमेंटमधील क्रोमियमची बाधा मोडण्यासाठी त्यात लोहाचा क्षार मिसळावयास लावले, आणि १९९० साली अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून व बटणांतून सुटणाऱ्या निकेलवर निर्बंध घातला. पुढच्या पिढीत हे दोन्ही विकार उतरणीस लागले. जेथे कारण सापडत नाही, तेथे मलम बदलत राहते आणि रोग तसाच राहतो.

आता पहिल्या वाटेकडे पुन्हा वळू. १९६८ साली बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय आणि काही किलोमीटर दूर असलेला लोगन विमानतळ यांच्यामध्ये दूरचित्रवाणीचा दुवा जोडण्यात आला. केनेथ बर्ड हे या योजनेचे प्रवर्तक. विमानतळावरचा रोगी रुग्णालयातील वैद्य पडद्यावर पाहू लागला. दूरचित्रवाणीवरून केलेले त्वचारोगांचे निदान कितपत बरोबर येते, याची परीक्षा घेऊन बर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली निबंध लिहिला. त्यांत टॉमस फिट्झपॅट्रिक हे त्वचावैद्यही होते. पडद्यावरून निदान होऊ शकते, असा त्यांचा अनुभव होता. १९९५ साली या प्रकाराला ‘टेलिडर्मेटॉलॉजी’ हे नाव मिळाले. भारतात २५ मार्च २०२० रोजी, महामारीच्या ऐन भरात, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेने गावच्या आरोग्यकेंद्रातील रोगी शहरातील वैद्याशी जोडला. छायाचित्र तर आज प्रत्येकाच्या खिशातील फोनवर निघते. जिल्ह्यात त्वचावैद्य मोजके आणि रोगी असंख्य असताना ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. नायट्याला इसब समजून त्यावर स्टेरॉइडचे मलम चोळले, तर नायटा दबतो, रूप पालटतो आणि फोफावतो. असले मलम दुकानातून सहज आणून वर्षानुवर्षे लावणारे रोगी या देशात इतके झाले, की २०१८ साली सरकारला वैद्याच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. अशा रोग्याचे एक छायाचित्र वेळेवर जाणत्या डोळ्यांपुढे गेले, तर त्याची किती वर्षे वाचतील!

परंतु या वाटेवर दोन मोठे खड्डे आहेत. पहिला रंगाचा. त्वचेची लाली हे दाहाचे मुख्य लक्षण, असे युरोपीय ग्रंथांनी शिकविले. सावळ्या वा काळ्या त्वचेवर ती लाली जांभळट, करडी किंवा नुसती अधिक काळसर दिसते. कधी दिसतच नाही. विलन यांच्या चित्रांपासून पुढे ज्या चित्रांवर वैद्यांच्या पिढ्या तयार झाल्या, ती बहुतांशी गोऱ्या त्वचेची होती. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार चित्रे दाखवून एका संगणकाला त्वचारोग ओळखावयास शिकविले. त्वचेच्या कर्करोगाच्या निवडक परीक्षेत तो २१ त्वचावैद्यांच्या बरोबरीस उतरला. परंतु २०२२ साली त्याच विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी निरनिराळ्या वर्णांच्या रोग्यांची ६५६ चित्रे घेऊन अशा यंत्रांची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा काळ्या त्वचेवर त्यांचे निदान उणे पडले. जे गुरूने पाहिले नाही, ते शिष्याला दिसावे कसे? भारतातील रोग्यांसाठी असे साधन वापरावयाचे, तर त्याचे शिक्षणही येथील त्वचेवर झाले पाहिजे.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. छायाचित्र इसब दाखविते, इसबाचे कारण दाखवीत नाही. सिमेंटने झालेला इसब आणि साबणाने झालेला इसब चित्रात सारखेच दिसू शकतात. कारण शोधावयाचे, तर पाठीवर द्रव्यांच्या लहान चकत्या दोन दिवस बांधून ठेवाव्या लागतात, तोवर पाठीला पाणी लावता येत नाही, आणि त्या काढल्यावर पुन्हा एकदोन वेळा पाठ तपासावी लागते. शिवाय द्रव्याचे प्रमाण नेमके असावे लागते. जास्त झाले तर निरोगी त्वचाही चिडते आणि निरपराध द्रव्याला शिक्षा होते. निकाल वाचणे हेदेखील केवळ डोळ्याचे काम नव्हे. नुसती लाली आणि खरा उठाव यांत भेद करावयास वैद्य त्या जागेवरून बोट फिरवून पाहतो. घट्टपणा हाताला लागला, तर साक्ष पक्की. तो घट्टपणा अजून तरी कोणत्याही तारेतून पाठविता आलेला नाही.

म्हणून दूरनिदानाला चाळणीचे काम द्यावे, निवाड्याचे नव्हे, हेच या इतिहासाचे सांगणे दिसते. कोणत्या रोग्याला तेथल्या तेथे औषध द्यावे आणि कोणाला प्रवासाची तोशीस देऊन परीक्षेसाठी बोलवावे, हे दूरच्या वैद्याला चांगले ठरविता येईल. मात्र त्याला चित्राबरोबर शब्दही हवेत. रोगी काय काम करतो, सुटीत वा परगावी गेल्यावर त्याला उतार पडतो काय, घरात वा शेतात नवीन काय आले, कोणते मलम किती दिवस लावले, हे प्रश्न पडद्यावरूनही विचारता येतात, आणि गावच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिका ते पुष्कळदा वैद्याहून अधिक चांगले विचारू शकते, कारण तिला तो माणूस आणि त्याचा धंदा ठाऊक असतो. याच्या जोडीला पट्टीच्या परीक्षेची सोय जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत आली पाहिजे. हे घडले नाही, तर नवी यंत्रे इसबाला इसब म्हणतील आणि तेथेच थांबतील. गवंड्याने थापी खाली ठेवावी की नुसते हातमोजे घालावेत, शेतकऱ्याने शेत सोडावे की बांधावरचे तण फुलोऱ्यापूर्वी काढवून घ्यावे, याचे उत्तर त्याला त्या चित्रातून मिळणार नाही. आणि त्याची भाकरी अवलंबून असते, ती याच उत्तरावर.